खिशातला फ्यूज

पांढरी गाडी गॅरेजच्या दारात आली ती आचके देतच. चार हात पुढे यायची, अडखळायची, पुन्हा दोन हात यायची. दस्तगीरमामा पान्यानं पाठ खाजवत तिच्याकडे बघत उभे होते.

"मास्तरीण," ते मला म्हणाले, "हिला उचकी लागलीय. पाणी दे."

मास्तरीण म्हणजे मी. नाव निर्मला कुंभार, वय तेव्हा एकवीस. कऱ्हाडच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा कोर्स करून बाहेर पडले होते आणि पाटणला चिपळूण रस्त्यावर दस्तगीर मुलाणींचं गॅरेज होतं, तिथं लागून मला चार महिने झाले होते. त्याआधी तीन गॅरेजवाल्यांनी "बघू, कळवू" म्हणून मला वाटेला लावलं होतं. मामांनी फक्त "चौदाचा पाना कुठला ते दाखव" म्हटलं, मी दाखवला, आणि त्यांनी दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. आयटीआयमधलं सगळं उतरवून घेतलेली एक जाडजूड वही माझ्याजवळ कायम असायची, त्यावरून त्यांनी मला मास्तरीण करून टाकलं. मी चिडत नाही म्हटल्यावर ते नाव पक्कंच झालं.

गाडीतून पासष्टीचे एक गृहस्थ उतरले. त्यांच्या मागून त्यांच्या पत्नी, दोन्ही हातांत स्टीलचा मोठा डबा धरून.

"ओक. चिपळूणहून येतोय," गृहस्थ म्हणाले. "कुंभार्ली घाटात पार जीव काढला हिनं. सपाटीला बरी चालते, चढ आला की बसते."

"चार वाजता कऱ्हाडला पोचायचंय," काकूंनी सांगितलं. "लेकीचं डोहाळजेवण आहे. लग्नानंतर आठ वर्षांनी दिवस राहिलेत तिला. डब्यात मोदक आहेत, एकावन्न. आणि ओटी मी भरायची आहे, तेव्हा मला पोचवा म्हणजे झालं. हे मागाहून आले तरी चालतील."

"तुम्ही पोचाल, मोदक पोचतील," मामा म्हणाले. "साहेबांचं बघू."

ओक हसले. काकूंनी डबा मांडीवर घेऊन लाकडी खुर्चीत बसकण मारली. साडेअकरा वाजले होते.

मामांनी गाडी रस्त्यावर नेली, पुलापर्यंत जाऊन परत आले आणि उतरता उतरता म्हणाले, "फिल्टर तुंबलाय. पेट्रोल पुरंना तिला." त्यात त्यांची पाच मिनिटं गेली असतील. मामांचा कान असा होता की इंजिन तीन घरं पलीकडे असलं तरी कुठला प्लग रुसलाय ते सांगायचे. ते मी कबूल करते. भांडण कानाबद्दल नव्हतंच.

भांडण होतं प्रेशरबद्दल. मामांची सगळी हयात कार्बोरेटरच्या गाड्यांत गेली. त्या गाड्यांत पेट्रोलची नळी सोडवली की चार थेंब गळायचे, खाली डबा धरला की झालं. पण तेव्हा इंजेक्शनच्या गाड्या नुकत्याच आमच्या भागात यायला लागल्या होत्या. त्यांच्या टाकीत पंप असतो. तो पेट्रोल जोरानं पुढे ढकलतो आणि इंजिन बंद केलं तरी नळीत ते तसंच दाबून राहतं, तासन् तास. अशी नळी एकदम सोडवली तर पेट्रोल पिचकारीसारखं उडतं. डोळ्यांत जातं, गरम इंजिनावर जातं. आमच्या सरांनी हे शिकवताना फळ्यावर दोनदा अधोरेखित केलं होतं आणि मी वहीत तीनदा.

पहिल्याच महिन्यात मी ते पान मामांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. मामांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे आता गाडीची शिट्टी काढून वाफ सोडायची," ते म्हणाले. "पेट्रोल हाय का कुकर?"

शेजारच्या शेडमध्ये शहाजी वेल्डिंगवाला होता. तो हे ऐकून इतका हसला की पुढं आठवडाभर मी समोरून गेले की तोंडानं कुकरची शिट्टी वाजवायचा. तेव्हापासून मी तो विषय काढला नव्हता.

त्या दिवशी काढला. कारण शहाजीच्या शेडमध्ये उसाची ट्रॉली उभी होती आणि वेल्डिंगच्या ठिणग्या आमच्या दारापर्यंत येत होत्या.

"मामा," मी हळूच म्हटलं, "ही इंजेक्शनची आहे. आधी प्रेशर सोडलं तर..."

"झालं का सुरू कुकर?"

"पाचच मिनिटं लागतात."

"फडकं गुंडाळतो की वर. फडक्याच्या बाहेर काय जातंय?" मामांनी स्कूटर काढली. फिल्टर ते स्वतःच आणायचे, दुसऱ्यानं आणलेला त्यांना पसंत पडत नसे. "मी येस्तवर गाडीचं मागचं अंग उचलून ठेव. खाली स्टँड लाव. दुसऱ्या कशाला हात लावू नको."

ते गेले. ओक पतिपत्नी समोरच्या हॉटेलात चहाला गेले, डब्यासकट. मी गाडी उचलली, स्टँड लावले, चाकांना ओंडके लावले. मग उभी राहिले.

हात लावू नको म्हणून सांगितलं होतं. पण फडकं गुंडाळून गाडीखाली झोपणारे मामा मला दिसत होते आणि शहाजीच्या ठिणग्याही दिसत होत्या.

मी दार उघडलं, स्टिअरिंगच्या खाली उजव्या हाताला फ्यूजचा डबा होता त्याचं झाकण काढलं, पेट्रोल पंपाचा फ्यूज शोधला आणि उपटला. करंगळीच्या नखाएवढा, निळा. मग किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं आणि काही झालंच नाही अशा थाटात चालत राहिलं. क्षणभर मला वाटलं, चुकीचा फ्यूज काढला. मग ते खोकलं, थरथरलं आणि बंद पडलं. पंप बंद, तेव्हा नळीत होतं तेवढं पिऊन संपवलं त्यानं. उरलंसुरलं जावं म्हणून मी आणखी दोनदा किल्ली मारली. टाकीचं झाकण सैल केलं, बॅटरीची काळी वायर सोडवली. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत.

फ्यूज मी शर्टाच्या खिशात टाकला. विचार सोपा होता. काम झालं की मामा म्हणतील, "बॅटरी जोड," तेव्हा फ्यूजही गुपचूप बसवायचा. कुणाला काही कळणार नाही, मामांचे डोळे शाबूत राहतील आणि माझी नोकरीही.

मामा फिल्टर घेऊन आले ते आधी पुढं वाकले.

"ही वायर कुणी काढली?"

"मी. पेट्रोलचं काम, ठिणगी नको म्हणून."

"बरं केलंस," मामा म्हणाले आणि गाडीखाली सरकले. मी बॅटरी धरून, खाली डबा ठेवून शेजारी बसले. म्हणजे उजेडाची बॅटरी.

त्यांनी जोडावर फडकं गुंडाळलं, पाना लावला. आणि मग एक गंमत केली. नट फिरवायच्या आधी तोंड पार पलीकडे वळवलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. कडू औषध घेणाऱ्या पोरासारखे. नट सैल झाला. फडकं जरासं ओलं झालं. डब्यात टप टप चार थेंब पडले.

मामांचे डोळे अजून मिटलेलेच. मग एक उघडला. त्या एका डोळ्यानं त्यांनी जोडाकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"कुठाय गं तुझं कारंजं?"

"नाही आलं," मी म्हटलं.

"मग वहीत दुरुस्ती कर."

जुना फिल्टर निघाला, नवा बसला. मामांनी जुना माझ्या हातात दिला आणि तो ओकांना दाखवून यायला सांगितलं. ओक हॉटेलातून परत येऊन बसले होते. मी त्यांना फिल्टर उलटा करून आतला काळा गाळ दाखवला, काकूंनी "शी" म्हटलं, आणि मी वळले तर मामांनी गाडी खाली उतरवलेली, बॅटरी जोडलेली, आणि ते स्वतः ड्रायव्हरच्या जागेवर बसलेले. फ्यूजचा डबा बरोबर त्यांच्या गुडघ्यापाशी.

त्यांनी किल्ली फिरवली. इंजिन नुसतं फिरलं, सुरू झालं नाही. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

"आँ?" मामा म्हणाले.

त्यापुढचा पाऊण तास मला आजही मिनिट न् मिनिट आठवतो. दीड वाजत आला होता. मामांनी बॉनेट उघडलं आणि पहिला प्लग काढला. तो पुसला, फुंकला, उजेडात धरून बघितला, परत बसवला. मग दुसरा. मग तिसरा. मग चौथा. मग हवेचा फिल्टर काढून आपटला. मग येऊन सीटवर बसले आणि हॉर्न वाजवला. मग वायपर चालू केले, कोरड्या काचेवर ते कर्र कर्र करत फिरत राहिले. मामा त्यांच्याकडे गंभीरपणे बघत होते.

"मामा, मी बघू का?" मी दाराशी जाऊन म्हटलं.

"तू वही बघ. गाडी चालू न्हाई झाली तर काय करायचं लिवलंय?"

मी फडकं घेऊन दाराची आतली बाजू पुसायला वाकले. हात फ्यूजच्या डब्याच्या दिशेनं सरकवत होते.

"ते राहू दे," मामा म्हणाले, "काकूंना पाणी दे जा."

मी पाणी दिलं. काकूंनी पेला घेतला आणि मला विचारलं, "तू काही शोधत नाहीस?" त्या अगदी साधेपणानं विचारत होत्या. माझे मात्र कान तापले. फ्यूज खिशात विटेएवढा जड झाला होता.

सांगून टाकावं असं दर मिनिटाला वाटत होतं. पण सांगायचं काय? हात लावू नको म्हटलं तरी लावला, हे? तुमचं काम चुकीचं असतं असं मला वाटलं, हे? तेही गिऱ्हाइकासमोर? तीन गॅरेजवाल्यांचे "बघू, कळवू" म्हणणारे चेहरे माझ्या डोळ्यांसमोर फिरत होते.

सव्वादोनला काकू उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, होत नसेल तर तसं सांगा. मी एसटीनं जाते. आठ वर्षं वाट बघितलीय पोरीनं, मी तिला ताटकळत नाही ठेवणार."

मामा बॉनेटमधून बाहेर आले. हात पुसले. आणि मी कधीच ऐकला नव्हता अशा पडलेल्या आवाजात म्हणाले, "काकू, मलाच कळंना झालंय. तीस वर्सांत असं झालं न्हवतं."

शहाजी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवून तमाशा बघायला आलाच होता. "वय झालं, मामा," तो म्हणाला. "आता द्या सोडून."

मामा खाली बघत हात पुसतच राहिले. ते मला बघवलं नाही.

"मामा," मी म्हटलं, "फ्यूज माझ्या खिशात आहे."

सगळे माझ्याकडे वळले. मी फ्यूज काढून तळहातावर धरला. "पंपाचा फ्यूज. तुम्ही फिल्टर आणायला गेलात तेव्हा मी काढला. इंजिन चालू करून बंद पडू दिलं, प्रेशर सोडलं. परत बसवायचा होता, पण तुम्ही आधीच बसलात. गाडीला काही झालेलं नाही. तुमचंही काही चुकलेलं नाही. मी सांगितलं नाही."

शहाजीनं तोंड उघडलं. मामांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, ते मिटलं.

"लाव मग," मामा मला म्हणाले.

मी वाकून फ्यूज बसवला. किल्ली अर्धी फिरवल्याबरोबर मागून टाकीतून पंपाचा बारीक घुंईं आवाज आला. आता सुरू करणार, तर मामा म्हणाले, "थांब. किल्ली बंद कर, परत लाव. दोनदा. अन् खाली बघ जोड गळतोय का." काकू घड्याळाकडे बघत होत्या, तरी मामांनी मला खाली झोपायला लावलं. जोड कोरडा होता. मग इंजिन सुरू केलं. कधी बंदच पडलं नव्हतं अशा थाटात ते सुरू झालं.

काकूंनी गाडीत बसायच्या आधी डबा उघडला, एक मोदक मामांच्या हातावर ठेवला, एक माझ्या. "आता एकोणपन्नास," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वाकून, बाकीच्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, "पुढच्या वेळी आधी सांग हो. माझ्या छातीत धडधडायला लागलं होतं." गाडी निघाली आणि कऱ्हाडच्या दिशेनं चढावर तरातरा गेली.

शहाजी परत ट्रॉलीकडे गेला. मामा एका जुन्या टायरवर बसले आणि त्यांनी समोरच्या टायरकडे बोट केलं. मी बसले. आता "उद्यापासून येऊ नको" ऐकायची मनाची तयारी करत होते.

मामांनी मोदक सावकाश संपवला. बोटं चाटली.

"मी सीटवर बसलो तवाच मला जागा मोकळी दिसली," ते म्हणाले. "किल्ली फिरवली तर पंप बोलंना. मला काय कळत न्हाई व्हय?"

"मग पाऊण तास..."

"तू कधी बोलतीस ते बघत होतो."

"आणि प्लग?"

"साफ करायचेच होते."

"हॉर्न?"

"हॉर्न उगंच," मामा म्हणाले. त्यांच्या मिशा हलल्या. "अडीचला मीच तुझ्याकडनं मागून घेणार होतो. काकूंची ओटी बुडवीन व्हय मी? पण बोललीस त्याच्या आधी. तेवढं बरं केलंस." मग जरा थांबून, "शहाजी म्हातारा म्हणाला ते मातर लागलं मला."

मला हसू आलं आणि रडूही, दोन्ही अर्धं अर्धं. "पण मामा, तुम्हाला आधीच कळलं होतं? नट सोडलात तेव्हा?"

"थेंबच पडले म्हटल्यावर. उडायला पायजे होतं."

"उडायला पाहिजे होतं हे तुम्हाला माहीत होतं?"

मामा रस्त्याकडे बघत राहिले. "मागच्या महिन्यात काळा चष्मा लावून फिरत होतो बघ, चार दिस. तू म्हणालीस, मामा सिनेमात चालले. डोळे आलेत म्हणून सांगितलं तुला, पण आले न्हवते. हेडमास्तरांच्या गाडीचा फिल्टर त्यांच्या दारात बदलला. फडकं गुंडाळलं होतं. फडक्यातनं सरळ डोळ्यांत आलं. तासभर काय दिसलं न्हाई मला. नळाखाली डोकं धरून बसलो होतो अन् मनात म्हणत होतो, हे त्या पोरीला कळता कामा नये."

मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं.

"तरी आज परत तेच करायला निघालो," ते म्हणाले. "कुकर म्हणून तुला हसलो होतो, आता तुझ्याम्होरं कुठल्या तोंडानं वाफ सोडायची?"

मग त्यांचा आवाज बदलला. त्यात आता थट्टा नव्हती. "पण तू एक लक्षात ठेव. मी गाडीखाली झोपलेला असतो. वर कुणी काय काढलंय, काय जोडलंय, हे मला ठाऊक पायजे. तू आज माझ्या भल्याचंच केलंस. पण न सांगता केलंस. उद्या न सांगता तू किल्ली फिरवशील अन् माझा हात पंख्यात असंल."

"सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?"

मामांनी बराच विचार केला.

"नसतं," ते म्हणाले.

"मग?"

"मग तरी सांगायचं. न्हाई ऐकलं मी, तर पाना खाली ठेवायचा अन् बाजूला उभं राहायचं. म्हणायचं, ह्यात मी न्हाई. मी काय दगड हाय? दोनदा शिव्या देईन, तिसऱ्यांदा विचारीन की पोरगी का उभी ऱ्हायली."

तेवढं बोलून ते उठले आणि हात धुवायला गेले. कामावरून काढण्याबद्दल एक शब्द निघाला नाही. मी तशीच टायरवर बसून राहिले. हातातला मोदक खायचा राहिला होता.

आठ-नऊ दिवसांनी तशीच एक गाडी आली. कोयनानगरचा एक कंत्राटदार, फार घाईत. त्याच्याबरोबर त्याची दोन माणसं होती, शिवाय शहाजी होताच. मामांनी गाडी ऐकली, नळीचा जोड बदलायला लागणार म्हणून सांगितलं. कंत्राटदार म्हणाला, "मग घ्या की पटकन खोलून."

मामांनी स्वतःचा पाना काढला आणि माझ्यापुढे धरला.

"ह्या गाड्यांतलं मला येत न्हाई," ते म्हणाले. खालच्या आवाजात नाही, चांगलं सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हिला येतं. ही सांगंल तसं मी करणार. शहाजी, तुझं वेल्डिंग घटकाभर बंद ठेव."

तीस वर्षं पाटणमध्ये गाड्या दुरुस्त केलेला माणूस चार लोकांत "मला येत नाही" म्हणतो, हे तोवर मी कधी बघितलं नव्हतं. त्यानंतरही क्वचितच बघितलं. आता माझं स्वतःचं गॅरेज आहे, हाताखाली पाच माणसं आहेत, आणि ते वाक्य माझ्या तोंडून निघायलाही कितीतरी वेळा जड जातं.

मी पाना घेतला. पहिल्या दोन सूचना वहीत बघून दिल्या. मी एकेक गोष्ट मोठ्यानं सांगत होते, मामा ती करत होते आणि केल्यावर "झालं" म्हणत होते. चुकूनही थट्टा केली नाही त्यांनी.

कंत्राटदार थोडा वेळ बघत राहिला, मग न राहवून त्यानं विचारलं, "अहो, इथं मिस्त्री नक्की कोण?"

मामा बॉनेटमध्ये वाकलेले होते. डोकं वर न काढता त्यांनी माझ्याकडे अंगठा केला.

"आज ही," ते म्हणाले. "उद्याचं उद्या बघू."